मालेगावच्या विद्यार्थ्यांसाठी : रुग्णसेवा व संगणक प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यातील मालेगाव हा प्रामुख्याने शेतीवर अवलंबून असलेला तालुका आहे. येथील दहावी-बारावी उत्तीर्ण मुलामुलींना रुग्णसेवा व संगणक या क्षेत्रांत रोजगार मिळू शकतो. मात्र प्रमाणपत्राला कोणाची मान्यता आहे, हे फी भरण्यापूर्वी पाहणे अगत्याचे आहे.

रुग्णसेवा : बारावीनंतर ए.एन.एम. हा दोन वर्षांचा, तर जी.एन.एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली, तरच परिचारिका म्हणून काम करता येते. ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ हा काही महिन्यांचा अभ्यासक्रम रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे अशा साहाय्यक कामांसाठी आहे. त्यावर परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही.

संगणक : आयटीआयमधील ‘कोपा’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचे एम.एस.-सी.आय.टी. प्रमाणपत्र राज्य शासनाच्या नोकरीत संगणक अर्हता म्हणून मान्य आहे. लिपिक-टंकलेखक पदासाठी मात्र मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र वेगळे लागते.

पालकांनी संस्थेचे मान्यतापत्र पाहावे, संबंधित परिषदेकडे खात्री करावी व प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. मान्यता नसलेल्या संस्थेत फीबरोबर मुलांची उमेदीची वर्षेही वाया जातात.