स्वमग्न मुले, आरोपी पालक आणि तेहतीस पानांचे एक पत्र

१/१४
स्वमग्नतेच्या, म्हणजेच ऑटिझमच्या इतिहासातील सर्वांत गाजलेले साधन डॉक्टरांच्या लेखणीतून उतरलेले नाही. १९३८ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी ३३ टंकलिखित पानांचे पत्र बाल्टिमोरच्या बालमानसोपचारतज्ज्ञाला धाडले. आजचा धागा त्या पत्रापासून आपल्या नवी मुंबईपर्यंतचा.

२/१४
मुलाचे नाव डोनाल्ड, डॉक्टरांचे नाव लिओ कॅनर. १९४३ मध्ये कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणांवर आधारित शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील पहिला रुग्ण डोनाल्ड. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांचा प्रबंध आला. या दोघांच्याही आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच मुलांची वर्णने लिहिली होती.

३/१४
आता थोडी साधनचिकित्सा. डॉक्टरांना मूल काही तास, फार तर काही दिवस दिसते. आईवडिलांना ते रात्रंदिवस दिसते. डोनाल्डचे पाठांतर, त्याचा एकटेपणा, फिरत्या वस्तूंचे वेड हे सारे आधी वडिलांनी टिपले होते. या ज्ञानशाखेच्या पायाभरणीत पालक साक्षीदार होते.

४/१४
पुढे या साक्षीदारालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. १९४९ च्या लेखात कॅनर यांनी या मुलांच्या आईवडिलांच्या थंडपणाला शीतकपाटाची उपमा दिली. ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने त्या आरोपाला घराघरांत पोहोचवले.

५/१४
आरोपाला उत्तर एका पालकानेच दिले. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. १९६४ च्या त्यांच्या ग्रंथाने कारण मायेच्या अभावात नसून मेंदूच्या जडणघडणीत असल्याचे मांडले. १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त ठरवले. १९७७ च्या जुळ्यांवरील अभ्यासाने आनुवंशिकतेचा धागा पुढे आणला.

६/१४
या काळात मुंबईत काय चालले होते? नागपाड्यात १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच आजची ‘टिस’. तिने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढले. देशातील ते पहिले मानले जाते. मुलाकडे त्याच्या घरासह आणि शाळेसह पाहायचे, ही त्या चळवळीची दृष्टी.

७/१४
१९४४ मध्ये मुंबईतील वकील दांपत्याने आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी शाळा सुरू केली: जय वकील शाळा. पुण्यात १९६४ मध्ये ‘कामायनी’ उभी राहिली. संस्था वाढत होत्या. परंतु स्वमग्न मुलाची वेगळी ओळख बराच काळ ‘मतिमंद’ या एकाच शब्दाखाली झाकली गेली.

८/१४
शब्दाने काय फरक पडतो? कायदा पाहा. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचे नाव घेतले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्वतंत्र स्थान मिळाले.

९/१४
म्हणजे १९४३ ते २०१६ हे ७३ वर्षांचे अंतर. मधल्या काळात प्रमाणपत्र हवे असेल, तर मुलाला दुसऱ्याच नावाच्या रकान्यात बसवावे लागे. सरकारी कागदावरचा चुकीचा शब्द इतिहासकाराला फसवतो. त्या मुलाचे मात्र शिक्षणच चुकीच्या दिशेने नेतो.

१०/१४
२००९ मध्ये सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने भारतीय मापनश्रेणी सिद्ध केली. तीत ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या आत आली, तर स्वमग्नता नाही. नजरेला नजर देणे, संवाद, भावनिक प्रतिसाद, आवाजाचा वा स्पर्शाचा त्रास असे हे मुद्दे. २०१६ पासून प्रमाणपत्रासाठी हीच श्रेणी अधिकृत आहे.

११/१४
ही श्रेणी भरताना मानसशास्त्रज्ञ मुलाला खेळताना पाहतात आणि आईवडिलांना विचारतात. हाक मारल्यावर वळतो का? मिक्सर लावल्यावर कान झाकतो का? तीच तेहतीस पाने, आता प्रश्नोत्तरांच्या रूपात. पालक पुन्हा साक्षीदार झाले.

१२/१४
२००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी मुंबईत ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र स्थापन केले. उपचाराचे एकक मूल नव्हे, तर कुटुंब, ही त्यामागील भूमिका. तेथील मानसिक आरोग्य विभागाने कथनात्मक पद्धती अंगीकारली. तिचे सूत्र असे: माणूस म्हणजे समस्या नव्हे, समस्या वेगळी, माणूस वेगळा. १९४९ च्या उपमेला याहून चांगले उत्तर नाही.

१३/१४
तरीही जुना आरोप विरलेला नाही. त्याने वेश बदलला आहे. करंजाड्यासारख्या सिडकोच्या नव्या वसाहतीत विमानतळामुळे पुनर्वसित झालेली कुटुंबे आहेत आणि नोकरीसाठी आलेली छोटी बिऱ्हाडेही. मूल बोलत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून महिने जातात; नंतर ‘मोबाइल हातात दिलास’, ‘कामावर जातेस’ हे आईलाच ऐकावे लागते. त्या दोन्ही वाक्यांत मुलाचा वेळ वाया जातो. जवळच वाशीत नवी मुंबई महापालिकेचे ईटीसी केंद्र आहे, हे कळायलाही काही घरांना उशीर होतो.

१४/१४
डोनाल्डच्या वडिलांनी लिहून ठेवले, म्हणून एका मुलाचे बालपण इतिहासात उरले. आपल्याकडच्या आयांच्या वह्या, तपासणीच्या फायली, शाळांशी झालेला पत्रव्यवहार हीदेखील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची साधने आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी असे काही असेल, तर त्या कुटुंबाला एवढेच सांगा: रद्दीत घालू नका.
धागा समाप्त.