तिमिर, काच आणि बीजदोष

प्रवरेकाठच्या नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात निर्माण झालेल्या या ग्रंथात डोळ्यांचे विकार दृष्टांतरूपाने वारंवार भेटतात. कावीळ झालेल्याला चांदणे पिवळे दिसते. जात्यंधाचा उल्लेखही अनेकदा येतो. हे दृष्टांत अज्ञानाचे स्वरूप उलगडण्यासाठी आहेत आणि त्या कामी ते चोख आहेत. मात्र अशा दृष्टांतांच्या दीर्घ परंपरेमुळे अंधत्व आणि अज्ञान यांची सांगड मराठी मनात पक्की झाली, आणि डोळ्यांच्या रोगांना स्वतःचा इतिहास असतो हे नजरेआड झाले.

हा इतिहास प्रामुख्याने नावे वेगळी करण्याचा आहे. सुश्रुताने नेत्ररोगांचे ७६ प्रकार सांगितले. दिवसा दिसते पण रात्री दिसत नाही, हा दोष त्याने कफाशी जोडला. डोळा घुसळून निघावा तशी वेदना होणाऱ्या विकाराला अधिमंथ म्हटले. पुढे वाग्भटाच्या परंपरेत तिमिर, काच आणि लिंगनाश ही दृष्टी उत्तरोत्तर मंदावण्याच्या अवस्थांची नावे ठरली. आजचा ‘काचबिंदू’ हा शब्द त्या ‘काच’ची आठवण करून देतो, पण प्राचीन ‘काच’ आणि आजचा काचबिंदू एकच, असे मानणे चुकीचे ठरेल.

आनुवंशिकतेचा प्रश्नही जुनाच. अंध मातापित्यांची मुले अंधच का होत नाहीत, अशी शंका चरकसंहितेच्या शारीरस्थानात उपस्थित केली आहे. बीजाचा जो भाग दूषित होतो त्यापासून बनणारा अवयव विकृत होतो, हे तिचे एक उत्तर. इंद्रियांचे असणे-नसणे दैवाधीन, हे दुसरे. लोकव्यवहाराने यातले दुसरे उत्तर उचलले. घरात दोन भावंडांची दृष्टी गेली की पूर्वकर्माचा शोध सुरू होई. बीजाचा कोणी घेत नसे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह इष्ट मानला जाई, हे इरावती कर्वे यांनी नोंदवले आहे. जे दोष आई आणि वडील दोघांकडून आल्यावरच प्रकट होतात, त्यांची शक्यता अशा नात्यांत वाढते.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण सिद्ध केले आणि तिमिराचे तुकडे झाले. त्याच दशकात डोंडर्सने रंगद्रव्याचे ठिपके साचून झिजणाऱ्या दृष्टिपटलाच्या विकाराला ‘रेटिनायटिस पिगमेंटोझा’ हे नाव दिले, तर १८५७ मध्ये ग्रेफेने काचबिंदूवर शस्त्रक्रियेचा उपाय मांडला. दृष्टिपटलाच्या या विकाराशी संबंधित पहिला जनुकीय दोष १९९० मध्ये आणि बालवयातील काचबिंदूचे दोन जनुक १९९७ मध्ये हाती लागले. चरकाच्या पहिल्या उत्तराला असे तपशील मिळाले.

परंतु ग्रंथात वेगळी झालेली ही नावे एखाद्या डोळ्यात पुन्हा एकत्र येतात, आणि तेथे खरी कसोटी लागते. दोन्ही रोगांत नजर बहुधा कडेकडून आक्रसते, त्यामुळे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत कोणती हानी कोणाची हे सांगणे अवघड होते. दृष्टिपटलाच्या विकाराने दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याची मुख्य नस, फिकट पडते. मग काचबिंदूने तिच्यात पडणारी खोलगट खाच सहज ओळखू येत नाही. घराण्यातला रोग आधीच ठाऊक असल्याने उरलेली हानीही त्याच्याच खाती मांडली जाते. वास्तविक डोळ्यातील दाब मोजता येतो आणि औषधाने वा शस्त्रक्रियेने बहुधा उतरवता येतो. अगदी लहान मुलांत शस्त्रक्रियाच मुख्य उपाय असतो. मोठ्यांना रोजचे थेंब नेमाने घालावे लागतात. त्यांतही निवड जपून करावी लागते : काही थेंबांनी दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येण्याचा धोका असतो, तर डॉर्झोलामाइडसारखे औषध दाब उतरवते आणि काही रुग्णांत ती सूजही कमी करते. गेलेली दृष्टी याने परतत नाही. उरलेली अधिक काळ राखता येते.

नेवाशाच्या ग्रंथाशी एका दृष्टिहीन माणसाचे नाते येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवले, इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन अध्ययन केले आणि अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचले. ज्या परंपरेत अंधत्व हे अज्ञानाचे उपमान होते, तिच्यातच त्यांनी हे ज्ञानकार्य केले. उपमानाची मर्यादा याहून स्पष्ट करणारे उदाहरण मिळणे कठीण.

मात्र अशा उदाहरणाने दुसरी चूक होऊ नये. दृष्टीवाचूनही थोर कार्य होते, म्हणून दृष्टी राखण्याचा यत्न गौण ठरत नाही. ‘बीजदोष’ हे निदान झाले की आपण सहसा तेथेच थांबतो, कारण त्या शब्दात दैवाचा जुना ध्वनी अजून शिल्लक आहे. घरातील एकाला असा विकार आढळला तर त्याच्या भावंडांचीही तपासणी व्हावी, आणि त्याच्या डोळ्यातील दाब दर खेपेस मोजला जावा, एवढे तरी त्या शब्दाच्या पुढे जाऊन करता येते.