हँडल ते सेल्फ : मोटारीच्या एका लहान यंत्राची हकीकत



विहिरीवरचे डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करताना जाणता माणूस शिकाऊ पोराला पहिली ताकीद काय देतो? ‘अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, हँडलाभोवती आवळू नकोस.’ कारण इंजिनाने उलटा झटका दिला, तर आवळलेल्या मुठीतून हँडल सुटत नाही आणि मनगट जायबंदी होते. मोटारीत बसून किल्ली फिरवणाऱ्याला ही ताकीद आज द्यावी लागत नाही. हा फरक कसा पडला, त्याची हकीकत आज आपण पाहू. ती आहे अमेरिकेतली. पण आपल्या गॅरेजात रोज कानी पडणारा ‘सेल्फ’ हा शब्द याच हकिकतीतून आलेला आहे. सेल्फ-स्टार्टर म्हणजे आपण होऊन इंजिन सुरू करणारा. त्याचेच हे लाडके, तोडके नाव.

पेट्रोलचे इंजिन स्वतः होऊन सुरू होत नाही. हवा व पेट्रोल आत ओढायचे, दाबायचे, मग ठिणगी पडायची. हे पहिले एकदोन फेरे बाहेरून कोणीतरी द्यावे लागतात. जुन्या मोटारींत हे काम माणसाचा हात करी. ठिणगी जरा आधी पडली की दट्ट्या वर पोचण्यापूर्वीच मागे ढकलला जाई आणि हँडल उलट दिशेने उसळे. हात मोडत, दात पडत. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला डॉक्टर मंडळी अजूनही ‘शोफरचे फ्रॅक्चर’ म्हणतात, ते याच हँडलामुळे.

यावर उपाय शोधणारे पुष्कळ झाले. इंग्लंडात डाउसिंग नावाच्या अभियंत्याने १८९६ मध्ये मोटारीला विजेचा स्टार्टर लावून पाहिला. अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना १९०३ मध्ये अशाच कल्पनेचे पेटंट मिळाले. कोणी दाबलेल्या हवेने इंजिन फिरवून पाहिले. पण रोजच्या वापराला टिकेल असे साधन हाती येईना. इंजिन फिरवण्याइतकी ताकद असलेली विजेची मोटर फार मोठी होईल, ती गाडीत ठेवायची कुठे, अशी जाणकारांची अडचण होती.

बायरन कार्टर हे मोटार-कारखानदार १९०८ मध्ये वारले. एका बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करून देताना हँडल उसळून त्यांच्या जबड्यावर बसले आणि त्या दुखण्यातून न्यूमोनिया झाला, अशी हकीकत सांगतात. कॅडिलॅक कारखान्याचे प्रमुख हेन्री लेलँड हे त्यांचे स्नेही. आपल्या गाडीने यापुढे कोणाला इजा होता कामा नये, असे लेलँड यांनी मनावर घेतले आणि काम सोपवले चार्ल्स केटरिंग यांच्यावर.

शिक्षक बंधूंना ऐकून बरे वाटेल, की हे केटरिंग तरुणपणी काही काळ शाळामास्तर होते. डोळे अधू असल्याने शिक्षणात खंड पडला, तरी १९०४ मध्ये त्यांनी विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे ओहायो राज्यातील डेटन गावी दुकानांतील गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीस असताना त्यांनी हे यंत्र विजेवर चालवून दाखवले. तिथे त्यांना एक साधी गोष्ट उमगली होती. गल्ला उघडायला मोटरने क्षणभरच जोर लावायचा असतो. दिवसभर राबणारी मोटर मोठीच हवी. पण क्षणभर राबून थंड व्हायला सवड मिळणार असेल, तर लहान मोटरकडूनही तिच्या कुवतीपलीकडचे काम घेता येते. मोटारीचे इंजिन सुरू करणे हेही क्षणाचेच काम!

एका गोठ्यावजा कोठारात सहकाऱ्यांसह खपून त्यांनी १९११ मध्ये हे यंत्र गाडीवर चालवून दाखवले आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना ते बसवून आले. स्वस्त फोर्ड गाडीच्या गिऱ्हाइकाला मात्र अशा सोयीसाठी १९१९ पर्यंत थांबावे लागले. विजेवर चालणाऱ्या त्या काळच्या मोटारींचा एक मोठा गुण म्हणजे त्यांना हँडल मारावे लागत नसे. हा गुण पेट्रोलच्या गाडीतही आला आणि त्या मागे पडण्याचे ते एक कारण ठरले. आपल्याकडेही जुन्या मोटारींना अडीअडचणीसाठी पुढून हँडल लावण्याची सोय पुष्कळ वर्षे होती.

हा इतिहास ध्यानात ठेवला, की सेल्फची निगा कशी राखावी हे निराळे सांगावे लागत नाही. तो क्षणभर राबण्यासाठीच घडवलेला आहे. हेडलाइटचा दिवा पाचेक अँपिअर वीज घेतो, तर सेल्फ शंभर-दीडशे किंवा त्याहूनही जास्त. म्हणून किल्ली दहा सेकंदांहून अधिक दाबून धरू नये. मध्ये अर्धा मिनिट तरी विसावा द्यावा. गाडी सुरू होताच किल्ली सोडावी. नाहीतर सेल्फचे चाक इंजिनात अडकून मोटर भलत्या वेगाने फिरते आणि जळते.

सेल्फ उचलत नाही, म्हणून लगेच नवा घेऊ नका बरं का! आधी हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवा. दिवे मंदावले, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरी भुकटी धरली आहे. टोके घासून आवळा. दिवे प्रखर राहून नुसती ‘टिक्’ वाजली, तर सोलेनॉइड किंवा झिजलेले कार्बन पाहावेत. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्सचा दोष. यांतले पुष्कळसे भाग सुटे मिळतात.

बदलायचाच झाला, तर पहिल्यांदा बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवा. गाडीखाली शिरायचे असेल, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नका. भक्कम टेकू द्या, चाकांना उटी लावा. जुना सेल्फ शेजारी ठेवून दात, व्होल्ट आणि फिरण्याची दिशा जुळते का, ते पाहा.

माणसाचे हाड मोडू नये म्हणून जे यंत्र जन्माला आले, ते बसवताना तरी कोणाला इजा होऊ नये.