चौदा वर्षांच्या मुक्ताचा निबंध आणि आपली निबंधाची वही

(थ्रेड) सहावी ते आठवीच्या मुलांना स्पष्टीकरणात्मक निबंध कसा शिकवावा? या प्रश्नाचे मराठीतील एक जुने आणि उत्तम उत्तर १८५५ सालच्या ‘ज्ञानोदय’मध्ये छापलेले आहे, आणि ते एका विद्यार्थिनीने लिहिलेले आहे.

मुक्ता साळवे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मांग समाजातील मुलगी. वय सुमारे चौदा, शाळेत जेमतेम तीन वर्षे झालेली. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे नियतकालिक. त्याच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध प्रसिद्ध झाला. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली ती १८७४ मध्ये, म्हणजे तब्बल एकोणीस वर्षांनी. (लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ पासूनची, हे मान्य, पण ती एका सुशिक्षित प्रौढाची.)

या निबंधाची बांधणी पाहा. वेद केवळ ब्राह्मणांचे, हे प्रतिपक्षाचे म्हणणे मुक्ता खोडून काढत बसत नाही. ती ते वादापुरते स्वीकारते आणि शेवटापर्यंत चालवते: वेद आमचे नसतील तर आम्हांला धर्मपुस्तक नाही; धर्मपुस्तक नाही तर धर्म नाही; मग आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे! अवघ्या तीन पायऱ्या. पदव्युत्तर वर्गातील आमच्या कित्येक टिपणांतही इतकी स्वच्छ साखळी सापडत नाही.

त्यानंतर पुरावे येतात. इमारतींच्या पायात माणसे पुरणे, तालीमखान्यासमोरून जाण्याबद्दल मिळणारी शिक्षा, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. पेशवाई संपली १८१८ मध्ये. मुक्ताचा जन्म त्यानंतर वीसएक वर्षांनी. त्या राजवटीतील जे ती सांगते ते घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असणार. म्हणजे हा मौखिक स्मृतीचा दस्तऐवज आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे. बाळंतपणाचे हाल मात्र स्मृतीतले नव्हेत, भोवतालचे आहेत. इंग्रजी राज्याविषयीची तिची कृतज्ञता वाचताना नियतकालिक मिशनचे होते, हेही ध्यानात ठेवावे. एवढ्यावरून ते शब्द मिशनऱ्यांचेच होते असे म्हणणारे भेटतात; मला तो निष्कर्ष आळशी वाटतो.

आता आपली निबंधाची वही उघडू. ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. कल्पनाविलासाला माझा विरोध नाही. परंतु ‘का?’ आणि ‘कशावरून?’ हे दोन प्रश्न या वहीत क्वचितच येतात, आणि गाइडमधील तयार उतारा पाठ केला की निभावते.

शाहूपुरीत मी रविवारी गल्लीतील काही मुलांना शिकवतो. त्यांना विषय दिला: ‘शाहूपुरी पेठ इथेच का वसली?’ पहिल्या खेपेस सर्वांनी एकच वाक्य लिहिले, शाहूपुरी ही कोल्हापुरातील प्रसिद्ध पेठ आहे. मग फळ्यावर तीन सनावळ्या लिहिल्या: १८९१, मिरज-कोल्हापूर रेल्वे; १८९४, शाहू महाराजांचे राज्यारोहण; १८९५, शाहूपुरीची स्थापना. आता उत्तर आले: रेल्वे आली म्हणून पेठ झाली.

येथेच खरे शिकवणे सुरू होते. आधी घडले म्हणून ते कारण ठरत नाही. रेल्वे आली आणि पाठवायला मालच नसता, तर? मग पंचगंगेकाठचा ऊस आठवला, गुऱ्हाळे आठवली. गुळासारखा जड माल बैलगाडीने दूर नेणे आणि स्टेशनालगतच्या पेठेतून वाघिणीत चढवणे, यांतील फरक मुलांनी स्वतः मांडला. पेठ आपोआप उगवत नाही, ती वसवावी लागते, म्हणून राजाचा निर्णयही निबंधात आला. सातवीतील एका मुलीने विचारले, “दादा, मग याच रेल्वेवर दुसरी पेठ का नाही?” आहे! शाहू महाराजांनीच आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर याच मार्गावर आहे. तिने तो परिच्छेद जोडला आणि तिचा निबंध इतरांच्या पुढे गेला, कारण एका उदाहरणावरचे स्पष्टीकरण आता दुसऱ्यावर तपासून पाहिलेले होते.

आमच्या वर्गाचा नियम तेव्हापासून एकच आहे: ‘म्हणून’ लिहिले की समासात ‘कशावरून?’ लिहायचे. मुक्ताचा निबंधही आम्ही याच रीतीने, पेन्सिल हातात घेऊन वाचला.

पुढच्या रविवारचा विषय: १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत करण्याचा हुकूम निघाला, मग ते सक्तीचेही का करावे लागले? मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड होता, एवढाच धागा मुलांना दिला आहे. उत्तरे आली की याच थ्रेडखाली जोडीन.