फिशपाँड आणि सागाचं झाड

निरोप समारंभाला आमच्या शाळेत तीन गोष्टी ठरलेल्या असत. कागदावर वाढलेला चिवडा, एक पेढा आणि फिशपाँड. चिवडा पाच मिनिटांत संपे, पेढा त्याच्याही आधी. फिशपाँड मात्र माणसाला जन्मभर पुरे. आमच्या वर्गातल्या काही जणांना पन्नाशी उलटल्यावरही गाव त्या दिवशीच्या दोन ओळींनीच ओळखतं.

आजच्या मुलांसाठी थोडं सांगायला हवं. समारंभाच्या आठवडाभर आधी वर्गात एक पुठ्ठ्याचा डबा ठेवला जाई. ज्याला ज्याची थट्टा करायची असेल त्याने दोन ओळी लिहून, खाली सही न करता, चिठ्ठी डब्यात टाकायची. मराठीचे सर त्या चिठ्ठ्या घरी नेत आणि लाल पेनाने निम्म्या गारद करत. उरलेल्या समारंभात वाचल्या जात. ज्याच्यावर चिठ्ठी असेल त्याने उभं राहायचं, पुढे यायचं, हसत ती घ्यायची. रडायचं नाही आणि रागवायचंही नाही, एवढाच नियम.

हे नाव इंग्रजी जत्रांमधून आलेलं दिसतं. तिथे पडद्यामागे गळ टाकून बक्षीस काढण्याचा खेळ असे, त्याला फिशपाँड म्हणत. आपल्याकडे गळाला बक्षिसाऐवजी टोमणा लागू लागला. मराठीत यालाच ‘शेलापागोटे’ असा छान शब्द आहे. शेला आणि पागोटं देऊन मानकऱ्याचा सत्कार करायची रीत होती. थट्टेचा सत्कार म्हणून तेच नाव स्नेहसंमेलनात आलं. खरं तर थट्टा शिकायला आमच्या भागाला इंग्रजांची गरज नव्हती. दंडार आणि खडी गंमत बघत वाढलेली माणसं आम्ही. लग्नात बायका नवरदेवाच्या घरच्यांना गाण्यातून सोलून काढत. आमच्या घरी मामू कुणाच्या निकाहात सेहरा वाचून झाला की हळूच एखादी हझलही सोडत. हझल म्हणजे गझलेची वात्रट बहीण.

ही गोष्ट फेब्रुवारी १९८५ ची. गाव वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज. एका अंगाला वैनगंगा, सभोवार धानाच्या बांध्या, आणि मधून गोंदियाहून चांदा फोर्टला जाणारी नॅरोगेज गाडी. नव्वदच्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. आम्ही आठवीत बसलो ते चंद्रपूर जिल्ह्याचे विद्यार्थी म्हणून. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला आणि बाक न बदलता आमचा जिल्हा बदलला. आजोबांचं दुखणं आणखी जुनं. १९६४ मध्ये चांद्याचं चंद्रपूर झालं, तेच अजून त्यांच्या जिभेवर बसलं नव्हतं. आमच्यातला एक तर दहावीपर्यंत भूगोलाच्या वहीवर जुनाच जिल्हा लिहीत राहिला. त्याच्यावर चिठ्ठी निघाली :

‘जिल्हा बदलला, नकाशा बदलला, सरांनी फळा पुसला;
हा मात्र पेपरात अजून चांद्यालाच जाऊन बसला.’

हा गृहस्थ पुढे महसूल खात्यात लागला आणि आयुष्यभर तालुक्यांच्या हद्दीच बघत बसला. आज जिल्ह्यात बारा तालुके आहेत आणि त्याला बाराही पाठ आहेत. चिठ्ठीचा बदला असाही घेता येतो.

त्या दिवशीच्या तीसेक चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. वाचायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून त्या माझ्याच खिशात राहिल्या. इतिहास लिहिणारे गॅझेटियर बघतात, जनगणना बघतात. माझं म्हणणं, या चिठ्ठ्याही बघाव्यात. एका झाडीपट्टीच्या गावातली सोळा वर्षांची पोरं कशाला हसत होती, हे गॅझेटियरमध्ये सापडत नाही.

आता हीच चिठ्ठी बघा. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई भरते. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. नाटक म्हणजे रात्री सुरू होऊन पहाटे संपणारं. हा हंगाम आणि दहावीचा अभ्यास एकाच महिन्यांत येतो, हे शिक्षण मंडळाच्या कधी ध्यानात आलं नाही. आमच्या एका मित्राने अभ्यासाचा बळी देऊन हा पेच सोडवला :

‘रात्री मंडप, दिवसा डुलकी, उरल्या वेळी वर्ग;
छडी बसली तरी म्हणे वन्स मोअर, हाच तर स्वर्ग!’

तो दहावीत दोनदा बसला आणि दोन्ही वेळा मंडईने त्याला पाडलं. घरच्यांनी कपाळाला हात लावला. पण पुढे वडसा झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र झालं. नाटक मंडळांची कार्यालयं इथे थाटली गेली, हंगामात तारखांसाठी लांबून माणसं येऊ लागली. आमचा मित्र अशाच एका मंडळात आधी पडदे ओढायला लागला, मग विनोदी कामं करू लागला. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा याने गावभर पेढे वाटले. मी म्हटलं, ‘अरे, तुला थोडीच मिळाली?’ म्हणाला, ‘आमाले नाही, आमच्या जागरनाले भेटली.’

‘जागरनाले’ हे मुद्दाम तसंच ठेवलं. झाडीबोलीत ण नाही. सर वर्षभर ‘पाणी’ म्हणा म्हणून घसा कोरडा करत आणि सगळा वर्ग एका सुरात ‘पानी’ म्हणे. सरांना वाटे, पोरं अशुद्ध बोलतात. ही अशुद्ध मराठी नसून स्वतःचे नियम असलेली बोली आहे, हे डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी पुढे मांडलं. तोवर आमचे मार्क गेले होते.

माझ्यावरही चिठ्ठी होती आणि ती मलाच वाचावी लागली :

‘घरात उर्दू, गल्लीत झाडी, पेपरात मराठी शुद्ध;
तिन्ही भाषांत गणिताशी याचं कायम युद्ध.’

यात खोटं काहीच नव्हतं. मराठीत मी वर्गात पहिला येई आणि गणितात शेवटून. सरांना कौतुक वाटे की मुसलमानाचा पोरगा असून मराठी किती छान! ‘असून’ या शब्दाने तेव्हा मी फुगत असे. तो टोचू लागायला बरीच वर्षं जावी लागली.

किराणा दुकानदाराच्या मुलावर होती : ‘रबर देतो उसना, पण तारण ठेवा पेन, दहावीनंतर हिशेब करू, व्याज तेव्हा घेईन.’ चार-पाच मैल सायकल मारत येणाऱ्यावर होती : ‘घंटा झाली, प्रार्थना झाली, हजेरीही झाली, मग आमच्या सरदारांची स्वारी फाटकाशी आली.’ हे दोघे पुढे व्याही झाले. लग्नात पंगत दोन तास उशिरा बसली, तेव्हा सरदार कोण आणि हिशेब कोणाचा यावर मांडवात पुन्हा एकदा हशा पिकला.

मुलींवरच्या चिठ्ठ्यांना बाईंची कात्री लागे. तरी एक निसटली :

‘पहिली आली, पहिली गेली, पहिल्या बाकावर बसली;
तीन वर्षांत एकदाच म्हणे चुकून गालात हसली.’

ती चिठ्ठी घ्यायला आली आणि तेव्हाही हसली नाही. निकाल जूनमध्ये लागला. तेव्हा नागपूरच्या वर्तमानपत्रांत नुसते बैठक क्रमांक छापून येत. आम्ही स्टेशनवर जाऊन गठ्ठा उतरायची वाट बघत होतो. तिचा क्रमांक पहिल्या श्रेणीत होता. पण तो बघायला ती नव्हती. मे महिन्यातच तिला उजवली होती. मुलीच्या लग्नाचं वय अठरा असा कायदा होऊन सात वर्षं झाली होती. तो आमच्या गाडीने अजून आला नव्हता. फेब्रुवारीतच तिचं ठरलं असणार. आम्ही तिला न हसण्यावरून हसत होतो.

आता ज्या चिठ्ठीसाठी हे सारं सांगत आलो, तिच्याकडे येतो.

आठवीत आमच्या वर्गात कोरचीकडच्या जंगलातला एक गोंड मुलगा आला. आश्रमशाळा संपवून तो इथल्या वसतिगृहात राहत होता. शेवटच्या बाकावर बसे. विचारलं तर उत्तर देई, नाहीतर गप्प. तीन वर्षांत त्याच्याशी कुणी भांडलं नाही आणि कुणी दोस्तीही केली नाही. त्याच्यावर कुणी चिठ्ठीच टाकली नव्हती. मला वाटलं, हे बरं नाही, एकजण वगळला जाईल. म्हणून मीच लिहिली. दयाबुद्धीने लिहिलेली कविता किती वाईट असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं :

‘सागाचं झाड उपटून आणलं, बाकावर लावलं;
तीन वर्षं पाणी घातलं, पान नाही हललं.’

हॉलमध्ये त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा पिकला. तो उठला, पुढे आला, चिठ्ठी घेतली. जागेवर जाईल असं वाटलं, पण तो वळून आमच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि बोलू लागला. गोंडीत. एकेकाकडे बघत, न अडखळता, दोन-तीन मिनिटं. तीन वर्षांत मिळून तो तेवढा बोलला नव्हता. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. सुरुवातीला पोरं हसली, मग टाळ्या वाजल्या, मग पेढे आले.

मार्चमध्ये परीक्षा झाली. तो इंग्रजीत गेला आणि वसतिगृह सोडून गावी परतला. त्याच उन्हाळ्यात तो तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडके मोजत असल्याचं कुणीतरी सांगितलं. मी ब्रह्मपुरीला जाऊन बी.ए. झालो, कविता छापून येऊ लागल्या. त्या दोन ओळी मात्र मी कुठल्याच संग्रहात घेतल्या नाहीत. माझ्या सगळ्या ओळींत सर्वांत खऱ्या त्याच होत्या. उपटून आणलं, हे मीच लिहिलं होतं आणि मलाच वाचता आलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी कुरखेड्याच्या बाजारात एकाने मागून खांद्यावर हात ठेवला. केस पांढरे, पण उभं राहणं तेच. चहा घेतला. मी बरीच उजळणी करून ठेवलेली माफी मागू लागलो. त्याने हातानेच थांबवलं.

‘त्या दिवशी मी काय बोललो, कळलं होतं का?’

मी मान हलवली.

‘अरे, मी तुम्हा सगळ्यांचे फिशपाँड सांगितले! एकेकाचा. हेडमास्तरांचासुद्धा. रेला नाचताना आमची पोरं-पोरी एकमेकांची अशीच खेचतात. तुम्ही हसलात, पण सगळे चुकीच्या जागी.’

आणि चहा सांडेपर्यंत हसला. मी विचारलं, ‘माझ्यावर काय होतं?’ त्याने थोडं आठवल्यासारखं केलं. म्हणाला, ‘हा तीन भाषांत बोलतो, ऐकत एकाही भाषेत नाही.’

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा नोंदवणारे देशात सुमारे तीस लाख लोक आहेत. आमच्या वर्गात त्यातला एक होता, आणि तो मुका आहे असं आम्ही ठरवलं होतं. आमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली, हे त्यानेच मला सांगितलं. तेव्हा त्याच्या आवाजात अभिमान होता आणि ‘आमच्या वेळी नव्हती’ हेही होतं.

पुढे आमच्या वर्गाचा मेळावा भरला. आता फोनवर ग्रुप असतो, त्यावर सगळं ठरतं. त्या ग्रुपवर हा नव्हता, आणि ती पहिल्या बाकावरचीही नव्हती. तिचा पत्ता नाटकवाल्याने काढला. नाटकाच्या निमित्ताने त्याला गावोगावची माणसं ठाऊक. ती आली. तिच्या गावात ती आशा म्हणून काम करते आणि आता भरपूर हसते. तिच्यावरची चिठ्ठी तिने स्वतः वाचली आणि खाली एक ओळ जोडली : ‘हसायला वेळ कुठे होता रे?’

कोरचीवाल्याला आणायला मी स्वतः गेलो. चिवडा आला, पेढा आला. मग मी डबा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, यावेळी तू वाच, पण एकेक ओळ मराठीत समजावून सांग. त्याने हेडमास्तरांपासून सुरुवात केली. चाळीस वर्षं उशिरा का होईना, आम्ही बरोबर जागी हसलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)