संगणकीय सचेतनीकरण व संकेतस्थळ-रचना : नांदेड-लातूरमधील शिक्षण

क्रमाने किंचित बदलत जाणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका संगणकाच्या साहाय्याने तयार करून हालचालीचा आभास निर्माण करण्याच्या तंत्रास संगणकीय सचेतनीकरण किंवा ॲनिमेशन म्हणतात. महाजालावरील पृष्ठांची मांडणी, अक्षररूपे, रंगयोजना व परस्परदुवे ठरविण्याचे काम म्हणजे संकेतस्थळ-रचना होय. प्राथमिक अभ्यासक्रमांत हे दोन्ही विषय पुष्कळदा एकत्र शिकविले जातात. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत हे शिक्षण अलीकडचे असले, तरी रेखाटन, कालगणना व अक्षरलेखन हे त्याचे मूळ घटक संगणकापेक्षा जुने आहेत. साधने वारंवार बदलली. हे घटक मात्र टिकून राहिले.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात या कलेचा आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापासून होतो. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटापूर्वी त्यांनी कुंडीतील रोपाची वाढ ठराविक अंतराने टिपून तिचा लघुपट केला. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी आगकाड्या सजीव केल्या. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये व्यंगपट विभाग सुरू केला. डिझ्नी संस्थेतील चित्रकार क्लेअर वीक्स यांनी तेथील कलावंतांना प्रशिक्षण दिले आणि १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ हा लघुपट तयार झाला. राम मोहन यांची कारकीर्द याच विभागात सुरू झाली. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा सचेतनपट दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला.

हे काम अत्यंत कष्टाचे होते. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. म्हणजे मिनिटाला १,४४० चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले, तरी मिनिटाला ७२० रेखाटने लागतात. मुख्य स्थिती ज्येष्ठ चित्रकार काढी व मधली चित्रे साहाय्यक भरत. ही मधली चित्रे संगणकाने काढण्याची पद्धत कॅनडातील नेस्टर बर्टनिक व मार्सेली वाइन यांनी विकसित केली. तिचा उपयोग पीटर फोल्डेस यांच्या ‘हंगर’ (१९७४) या लघुपटात झाला. विद्यार्थ्याला आजही याच तत्त्वाचा पहिला धडा मिळतो : मुख्य चौकटी माणसाने ठरवावयाच्या व मधल्या यंत्राने भरावयाच्या.

महाजाल व देवनागरी : टिम बर्नर्स-ली यांचे पहिले संकेतस्थळ १९९१ मध्ये खुले झाले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. मराठी पृष्ठांपुढे मात्र लिपीची अडचण होती. भारतीय लिपींसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक ठरली व तिच्या आधारे युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले. तरीही अनेक संकेतस्थळे दीर्घकाळ स्वतःचेच फाँट वापरीत. वाचकाकडे तो फाँट नसल्यास मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोज २००० या प्रणालीत अंतर्भूत झाल्यावर ही अडचण कमी होऊ लागली. मराठी संकेतस्थळ घडविणाऱ्यास म्हणून लिपीचा इतिहासही ठाऊक असावा लागतो.

नांदेड व लातूर : हे प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. तेथे उच्च शिक्षणाच्या सोयी उशिरा झाल्या. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये व श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये स्थापन झाले. लातूर १९८२ मध्ये स्वतंत्र जिल्हा बनला. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झाले. त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमामुळे २००१ नंतर संगणकाचा प्राथमिक परिचय तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. खासगी वर्गांतून छायाचित्र-संस्करण, पृष्ठरचना व ॲनिमेशन हे विषय त्याला जोडले गेले.

या विद्यार्थ्याची खरी पूर्वतयारी मात्र शाळेतच झालेली असते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांचा समावेश होतो. स्मरणचित्र हालचालीचे निरीक्षण शिकविते, संकल्पचित्र पृष्ठाची मांडणी शिकविते आणि अक्षरलेखन लिपीचे प्रमाण शिकविते. कुंचला व पट्टी यांच्या जागी माऊस आला, एवढाच फरक.

साधनांचा बदल : सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत ‘फ्लॅश’ या प्रणालीला मोठे स्थान होते. ॲनिमेशन व संकेतस्थळ दोन्ही तिच्यात करता येत. भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर ती मागे पडली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ‘फ्लॅश प्लेअर’चा आधार संपला. केवळ तिची बटणे पाठ केलेल्यांचे शिक्षण त्याबरोबर निरुपयोगी ठरले. ज्यांनी चौकट, वेग व वजन यांचे भान मिळविले होते, त्यांना नवी साधने आत्मसात करता आली. ‘ब्लेंडर’सारख्या मुक्त प्रणालींमुळे शिक्षणाचा खर्चही घटला. तथापि शिक्षणसाहित्य बहुतांशी इंग्रजीत असते आणि नोकरीसाठी पुणे, मुंबई वा हैदराबाद गाठावे लागते. स्थानिक बाजारपेठ, शेतमाल, शाळा व ग्रामपंचायती यांसाठी मराठीत काम उभे राहिले, तर हे शिक्षण त्या भूमीत रुजेल. त्यासाठी अभ्यासक्रमाने विशिष्ट प्रणालीपेक्षा मूलतत्त्वांना अग्रस्थान देणे आवश्यक आहे.