फुंकणीतली विद्या

श्रोतेहो, चूल पेटवायची फुंकणी आपल्या घराघरांत होती. काच कारागिराची फुंकणीही तशीच, लोखंडाची पोकळ नळी. फक्त पुरुषभर लांब. भट्टीतल्या काचेच्या रसात तिचं टोक बुडवायचं, गोळा उचलायचा आणि फिरवत फिरवत फुंकायचं. हात थांबला की गोळा ओघळतो, उशीर झाला की काच थिजते. ही नजर पुस्तकातून येत नाही. म्हणूनच अशी विद्या एकदा हातातून गेली, म्हणजे परत आणणं महाकठीण.

इटलीत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाने ते करून दाखवलं. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या सरकारने १२९१ साली शहरातल्या काचभट्ट्या या बेटावर हलवल्या. कारागिरांना मान मोठा. पण विद्या बाहेर जाऊ नये म्हणून त्यांना राज्य सोडायची बंदी. पंधराव्या शतकात आंजेलो बारोव्हिएर याने स्फटिकासारखी नितळ काच काढली आणि मुरानोचं नाव युरोपभर झालं.

पुढे दिवस फिरले. बोहेमियाची जाड, पैलूदार काच लोकांना आवडू लागली. १७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचं राज्य संपवलं; १८०६ साली कारागिरांचे संघ मोडले. एकेक भट्टी विझत गेली.

तेव्हा व्हिन्चेन्झो झानेत्ती नावाच्या पाद्र्याने कंबर कसली. १८६१ साली त्याने मुरानोत काचेचं संग्रहालय उभं केलं आणि त्याला जोडून कारागिरांसाठी चित्रकलेची शाळा काढली. जुनं भांडं हाच गुरू झाला! ते न्याहाळून कारागीर विसरलेली रीत पुन्हा साधू लागले. साल्व्हियाती या वकिलाने कारखाना घातला आणि १८६७ सालच्या पॅरिस प्रदर्शनात मुरानोची फुंकीव काच पुन्हा झळकली.

आपल्याकडेही लोकांकडून पैसा-पैसा जमवून पैसा फंडाने १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना काढला. परदेशी शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तिथे कारागीर तयार झाले.

२०२२ साली गॅस महागला आणि मुरानोतल्या कित्येक भट्ट्या थंड ठेवाव्या लागल्या. भट्टी पुन्हा पेटवता येते. पण फुंकणारा हवा ना! शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या गावात कुंभार असेल, तांबट असेल. तो कामाला बसला असताना एकदा मुलांना तिथे घेऊन जा.